बिसेन मॅडमची टीईटी

मुलांची परीक्षेची भीती घालवण्यात देवरी तालुक्यात आपला हात धरणारं कोणी नाही, असं योगेश्वरी बिसेन यांचं मत होतं. चिचगडच्या अलीकडच्या एका लहान गावात, जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या पाचवीला शिकवत.

स्कॉलरशिपची परीक्षा जवळ आली की वर्गातल्या पोरांची पोटं दुखू लागत. एरवी तोंडपाठ असलेलं सगळं गोल भरायच्या उत्तरपत्रिकेसमोर विसरायला होई. आचल ही वर्गातली हुशार मुलगी. पण पहिल्या सरावात ती एकेक गोल इतका देखणा रंगवत बसली की निम्मे प्रश्न कोरेच राहिले. यावर मॅडमचं खास औषध होतं. नवऱ्याचा लग्नातला कोट चढवायचा, चष्मा नाकाच्या टोकावर आणायचा आणि खडूस सुपरवायझर होऊन वर्गात शिरायचं. पोरं आधी टरकत, मग खुदखुदत, आणि काही दिवसांनी कोटाकडे ढुंकूनही बघत नसत. मग मॅडम सांगत, भेव लागलं तर बोलून टाका, अर्धं तिथंच निघून जातं. हे त्या इतक्यांदा सांगत की घरी जेवताना नुसत्या गप्प बसल्या तरी त्यांचा नवरा, टेकचंदभाऊ, म्हणत, ‘‘बोलून टाक.’’

मग कोर्टाचा निकाल आला. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या गुरुजी-मॅडमनाही आता टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, पास करावी लागणार होती, नाहीतर नोकरी जाणार होती. बिसेन मॅडमची सहा वर्षं उरली होती. थोडं आधी जन्माला घातलं असतं तर काय बिघडलं असतं, म्हणून त्यांनी स्वर्गवासी आईबापांनाही मनातल्या मनात बोल लावून घेतला.

त्या दिवसापासून स्कूटीच्या डिक्कीत गाईड आलं आणि गाईडवर टॉवेल आला, कोणाला दिसू नये म्हणून. वर्गात त्या साध्या चुकीवर खेकसू लागल्या. खिचडी शिजवणाऱ्या धुरपताबाईंनी ताट तसंच परत का आलं विचारलं, तर म्हणाल्या, ॲसिडिटी आहे. धुरपताबाईंनी ओवा दिला. तो खाऊनही परीक्षा काही टळली नाही.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर आचल त्यांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

‘‘मॅडम, तुमाले परीक्षेचं भेव लागून राहिलं ना?’’

‘‘नाही गं. मला कशाला?’’

‘‘मंग काऊन लपवून वाचता? तुमीच तर सांगता, बोलून टाका मनून.’’

मॅडमनी इकडं तिकडं पाहिलं. सुटका नव्हती. ‘‘लागते,’’ त्या म्हणाल्या. ‘‘लय लागते.’’

पुढच्या शनिवारी मॅडम टीईटीचा सराव पेपर घेऊन मुलांच्या बाकावर बसल्या आणि कोट आचलच्या अंगावर गेला. बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबत होत्या, पण रुबाब अस्सल होता. तिनं आधी मॅडमचा मोबाइल जमा केला. एका गणितात दोन रेल्वेगाड्या एकमेकींना ओलांडत होत्या. त्या काही केल्या मॅडमच्या हातून ओलांडेनात. हा प्रश्नच चुकीचा आहे, असं त्या पुटपुटल्या, तर सुपरवायझरनं बाहेर काढायची तंबी दिली. पुढं प्रश्न आला, विद्यार्थ्याला परीक्षेची भीती वाटत असल्यास शिक्षकाने काय करावे? चारही पर्याय त्यांनी नोकरीत करून पाहिले होते. त्यांना चारही बरोबर वाटले. त्यांनी एक निवडला आणि नेमका तोच चुकला. वर्ग पोट धरून हसला, आणि कितीतरी दिवसांनी मॅडमही हसल्या.

खरी परीक्षा गोंदियाला झाली. निकाल लागला आणि मॅडम थोडक्यात हुकल्या. सर्व्हर डाऊन होता, निकाल राखून ठेवलाय, असली दोन-तीन कारणं त्यांनी शाळेच्या वाटेवर तयार केली होती. पण पोरं समोर बसल्यावर त्यांना ती सांगवेनात.

‘‘मी नापास झाली,’’ त्या म्हणाल्या.

मॅडमही नापास होतात, हे वर्गात कोणाला ठाऊकच नव्हतं. मग ओमेश्वर नावाच्या मुलानं हळूच विचारलं, ‘‘मंग तुमाले घरी मारलं का?’’

‘‘नाही रे. भाऊंनी चहा करून देला.’’

ओमेश्वरनं त्यावर बराच विचार केला. ‘‘फक्त चहा?’’

इतकी वर्षं मॅडम पोरांना कागदाची भीती वाटते असं समजून कोट घालत होत्या. या पोराला भीती कागदाची नव्हतीच.

त्यांनी पालकसभा बोलावली. ओमेश्वरचे वडील रामलाल पुढच्याच खुर्चीत होते. मॅडमनी कोणाचं नाव घेतलं नाही, कोणाला उपदेश केला नाही. आपण नापास झालो, घरी कोणी रागावलं नाही, म्हणूनच दुसऱ्या दिवशी पुन्हा गाईड उघडावंसं वाटलं, एवढंच सांगितलं. रामलाल सभाभर आपल्या चपलेकडं बघत राहिले. निघताना मात्र त्यांनी विचारलं, ‘‘मॅडम, पोरगा भेते का मले?’’

‘‘त्यालेच विचारा,’’ मॅडम म्हणाल्या.

विचारलं की नाही, कोण जाणे. पण देवरीला स्कॉलरशिपचा पेपर सुटला, तेव्हा रामलाल फाटकाशी आलूबोंड्यांचा पुडा घेऊन उभे होते. ‘पेपर कसा गेला’ हा प्रश्न त्यांच्या तोंडापर्यंत येई आणि ते मोठ्या कष्टानं गिळत. शेवटी न राहवून ते मॅडमच्या कानाशी आले, ‘‘कसा गेला असन जी?’’

‘‘आधी खाऊ द्या ना त्याले,’’ मॅडम म्हणाल्या, आणि त्यांनी स्वतःही पुड्यातला एक आलूबोंडा उचलला. त्यांची पुढची टीईटी अजून व्हायची होती, पण भूक चांगली लागली होती.