स्लीपरांचा ओटा

आमच्या गावची जमीन काळी. कापसाला आणि ज्वारीला चांगली, पण घराला वैरी. पावसाळ्यात ती फुगायची आणि उन्हाळ्यात तिला एवढाल्या भेगा पडायच्या की कोंबडीचं पिल्लू आत गेलं तर नुसतं ओरडणं ऐकू यायचं. तिच्यावर बांधलेलं काही जागेवर राहत नसे. आमच्या घरापुढचा मातीचा ओटा तर दर पावसाळ्यात फुटायचा. माय दर आठवड्याला तो शेणानं सारवायची, दसऱ्याच्या आधी कडा नव्यानं लिंपायची, आणि मिरग आला की तिच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडायचं. पुढं पुढं तिचे गुडघे इतके दुखायला लागले की सारवायला बसली की उठायला दाराची चौकट धरावी लागे.

माझे वडील रेल्वेत गँगमन होते. पिंगळी स्टेशनच्या अल्याडपल्याडची लाईन त्यांच्या गँगकडं होती. पाऊस असो की ऊन, खडी ठासायची, बोल्ट आवळायचे, रूळ वाकडे झाले की पहारीनं सरळ करायचे. मी तेव्हा डी.एड. करून नोकरीच्या ऑर्डरची वाट बघत घरी बसले होते. विद्यापीठाचं नामांतर व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट.

दिवाळी झाली आणि बाबांनी ओट्याचा विषय काढला. माझ्या डोक्यात शहाबादी फरशी होती. गावात ज्यांच्याकडं चार पैसे आले ते सगळे फरशीच टाकत होते.

माय म्हणाली, "फरशी नगं. थंडीत पाय ठेववत न्हाई तिच्यावर, बर्फावानी लागती. अन् मास्तराच्या दारातली फरशी बघा की. दोन पावसाळ्यांत हत्ती लोळल्यावानी झाली."

बाबा म्हणाले, "फरशी कोन आनायलंय? मी लाकूड आनायलोय."

"लाकूड? वाळवी खाऊन टाकील की."

"हे वाळवीच्या बापाला खाऊ देत न्हाई. डांबर पिल्यालं हाय. इतकी वर्सं वरून गाड्या गेल्या, पाऊस खाल्ला, ऊन खाल्लं. आपलं वजन त्याला काय जड हाय?"

मग आमच्या लक्षात आलं. त्या दिवसांत रुळांखालचे जुने लाकडी स्लीपर काढून सिमेंटचे टाकायचं काम चाललं होतं. काढलेल्या स्लीपरांचा लिलाव झाला होता आणि ज्या ठेकेदारानं ते घेतले होते, तो त्यातले सुटे विकत होता. बाबांनी त्याच्याशी बोलणी करून ठेवली होती.

माय हळूच म्हणाली, "डांबराचं लाकूड लवकर पेट घेतं."

मी लहान असताना, नामांतराचा पहिला ठराव झाला तेव्हा, गावोगावी आमच्या लोकांची घरं जळाली होती. आमच्या गावात आग लागली नाही, पण माय मला घेऊन कितीतरी दिवस स्टेशनजवळच्या रेल्वेच्या चाळीत, बाबांच्या एका सोबत्याकडं राहिली होती. त्या चाळीतला पितळी नळ आणि मायनं रात्रंदिवस माझा हात न सोडणं, एवढंच मला आठवतं.

बाबा म्हणाले, "व्हय, पेटतं. कापूस बी पेटतो, कडबा बी पेटतो. भिऊन भिऊन किती दिस मातीतच बसायचं?"

मायनं मान हलवली. होकार होता की नुसता सुस्कारा, ते कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी तिनं ओट्याच्या जागेवरची तुळशीची कुंडी स्वतः उचलून बाजूला ठेवली.

स्लीपर आणायला बैलगाडी लागणार होती. गावातला एक शेतकरी बाबांचा लहानपणचा जोडीदार. दोघं एकाच डोहात पोहायला शिकले होते. त्यानं गाडी दिली आणि हाकायला स्वतःच आला. तो म्हणाला, "बाहेरच्या वाटंनं घेऊ का? जवळ पडतंय."

बाबा म्हणाले, "न्हाई गड्या. वेशीतून घे. दिवसाढवळ्या इकत घेतलेला माल हाय. गँगमनच्या दारात स्लीपर दिसले की लोक काय बी म्हनतील. आधीच समद्यांना बघू दे."

म्हणून ती काळी, जड ओझ्याची गाडी वेशीतून आली, मारुतीच्या पारापुढून आली, दुकानांपुढून आली. बाबा गाडीपुढं चालत होते. पारावरच्या कुणीतरी विचारलं, "काय वो, रूळ बी आनायलात का आता?" लोक हसले. बाबाही हसले आणि म्हणाले, "रूळ नंतर. आधी टेसन तर बांधू." मी गाडीमागून चालत होते. मला आधी लाज वाटत होती. त्या उत्तरानंतर माझी मान आपोआप वर झाली.

काम सुट्टीच्या दिवसांत आणि ड्यूटी सुटल्यावर चालायचं. बाबांचं म्हणणं एकच होतं. लाकूड टिकाऊ आहेच, भांडण खालच्या मातीशी आहे. म्हणून आधी गुडघाभर खोल काळी माती काढून टाकायची. मी आणि माय घमेल्यानं ती परसात नेऊन टाकत होतो. तिथं पुढं मायनं वांगी लावली आणि ती अशी आली की शेजारणी मागायला यायच्या. खड्ड्यात मुरूम भरला, पाणी मारलं, धुम्मसानं चोपला, पुन्हा मुरूम, पुन्हा पाणी. धुम्मस उचलून माझ्या तळहाताला फोड आले. त्यावर खडी अंथरली. खडीवर दोन लांब स्लीपर आडवे बसवले आणि त्यांच्यावर बाकीचे एकाशेजारी एक.

दोन स्लीपरांमध्ये बाबा बोटभर फट ठेवत होते. मायला ते पटेना.

"फटीतून इच्चू येतील. जवारी सांडली तर खाली जाईल."

"जवारी अंगनात निवड. फट न्हाई ठेवली तर पानी वरच साचंल. पान्याला जायाला वाट पायजे. वाट न्हाई दिली की ते आपली वाट करतंय."

विंचू येऊ नयेत म्हणून त्यांनी इंजिनातली कोळशाची राख आणून खडीत भरली. जुन्या खिळ्यांची भोकं होती, त्यांत कडुनिंबाच्या खुंट्या ठोकल्या. त्या खुंट्या मी तासल्या. पहिल्या दहा-पाच वाया गेल्या, मग हात बसला. एका एका खुंटीला नेमका तेवढा निमुळतेपणा द्यायचा की ठोकताना ती रडत रडत आत जावी, सैल पडू नये. आजही कुठं लाकडाची खुंटी दिसली की मी तिच्यावर बोट फिरवून बघते.

घराकडून अंगणाकडं थोडा उतार ठेवायचा होता. बाबांनी पातळी बघायला पाण्याची नळी लावली, दोरी बांधली, पण शेवटचा विश्वास डोळ्यावर. ते अंगणात पालथे पडायचे, गाल जमिनीला टेकवायचे, एक डोळा मिटायचे आणि स्लीपरांच्या कडेवरून बघायचे. लाईनवर रूळ सरळ आहे का बघायची ती रीत होती. "डाव्या अंगाचा जरा उचल," म्हणायचे आणि मी पहार घालायची. लाकडी ओट्यासाठी बाप मातीत गाल घासतोय, हे बघायला गल्लीतल्या बायका दारात उभ्या राहायच्या.

डिसेंबरात ओटा झाला. त्या वर्षी परभणीकडं थंडी लय होती. सकाळी नळाचं पाणी हाताला चावायचं, शेकोटीभोवती गल्ली जमायची. पहिल्या सकाळी माय दार उघडून बाहेर आली आणि सवयीनं पाय आखडून उभी राहिली. मग तिनं एक पाय टेकवला, दुसरा टेकवला.

"गार न्हाई लागत," ती म्हणाली. तिनं बसकण मारली, पाय पसरले आणि उन्हात गुडघे धरले. सारवायचं काम नव्हतं. त्या सकाळी काय करावं हेच तिला सुचत नव्हतं. शेवटी तिनं रांगोळीचा डबा आणला. काळ्याभोर लाकडावर पांढरी रांगोळी अशी उठली की शाळेत जाणाऱ्या पोरी थांबून बघायला लागल्या.

सगळंच काही गोड झालं नाही. उन्हाळा आला आणि लाकडातलं डांबर पाझरायला लागलं. दुपारी ओट्यावर पाय ठेवायची सोय नव्हती, आणि एका लग्नाला निघालेल्या मायच्या नव्या पातळाला काळा डाग पडला तेव्हा ती बाबांशी आठवडाभर धड बोलली नाही. रॉकेलनं डाग फिका झाला, राग मात्र तेवढ्यानं गेला नाही. मग बाबांनी जिथं जिथं डांबर फुटलं होतं तिथं खरवडून काढलं आणि वर बारीक वाळू-राख घासली. जून येईपर्यंत पाझर थांबला.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. पाऊस दिवसचे दिवस लागून राहिला. नाल्याला पूर आला, काळी माती तट्ट फुगली. मास्तरांच्या फरशीचे आणखी दोन तुकडे झाले. आमचा ओटा तसाच होता, पण मी रोज बाबांसारखी पालथी पडून बघायची, आणि एक दिवस मला उजवा कोपरा बसलेला दिसला. अगदी थोडा. दुसऱ्याला दिसलाही नसता.

बाबा तेव्हा घरी नव्हते. पावसाळ्यात लाईनवर गस्त असायची, चार-चार दिवस ते यायचे नाहीत. माय म्हणाली, "ते आल्यावर बघतील." पण मला चैन पडेना. मी पावसातच उभी राहून बघत राहिले, आणि कळलं. घराच्या पत्र्याची पागोळी नेमकी त्या कोपऱ्यावर पडत होती. पाणी फटीतून खाली जाऊन मुरूम धुऊन नेत होतं.

"माय, पहार दे," मी म्हणाले.

"तुला उचलनार हाय का ते?"

"मला एकटीला न्हाई. तू बी ये."

पाऊस उघडला तेव्हा आम्ही दोघी मायलेकी कामाला लागलो. मी दगडाचा टेकू देऊन पहारीवर लटकले. स्लीपर कण्हत वर आला. मायनं गुडघ्याखाली पोतं घेतलं आणि खालच्या पोकळीत मूठमूठ खडी सारली. मी लाकडी ठोकळ्यानं ती ठासली, पुन्हा उचललं, पुन्हा भरली. मायच्या हाताला खरचटलं, तिनं पदर गुंडाळला आणि पुन्हा खडी सारायला लागली. शेवटी पत्र्याखाली एक जुनी पन्हाळ तारेनं बांधून पागोळीचं पाणी बाजूच्या चरात सोडलं.

बाबा आले ते भिजून, थकून. मायनंच त्यांना सांगितलं, "तुमच्या लेकीनं काल कोपरा उचलला." त्यांनी घोंगडी काढली, चहा घेतला नाही. तसेच चिखलात पालथे पडले. गाल टेकवला, डोळा मिटला. ते कितीतरी वेळ बघत राहिले.

मग उठून त्यांनी गालावरचा चिखल पुसला आणि म्हणाले, "लाईन सरळ हाय."

गँगमध्ये कुणाचं काम उत्तम झालं की मुकादम एवढंच म्हणतो, हे मला माहीत होतं. डी.एड.ला पहिल्या वर्गात पास झाल्याचा निकाल ऐकून मला एवढं भरून आलं नव्हतं. माय चुलीकडं वळली, पण मी बघितलं, ती हसत होती.

त्यानंतर गल्लीतल्या तीन-चार घरांनी ठेकेदाराकडून स्लीपर आणले. बाबा ड्यूटी सुटल्यावर जायचे, आणि भोकांच्या खुंट्या तासायला लोक मला बोलवायचे. गाडीवाल्या शेतकऱ्यानंही आपल्या गोठ्यापुढं तसाच ओटा घालून घेतला. काम झाल्यावर त्याच्या बायकोनं आम्हाला बाहेर नाही, घरात, चुलीजवळ बसवून जेवायला वाढलं. बाबांनी तिथं नेहमीपेक्षा एक भाकरी जास्त खाल्ली.

पुढं नामांतर झालं तो संक्रांतीचा दिवस होता. रेडिओवर बातमी आली आणि गल्ली रस्त्यावर आली. संध्याकाळी थंडी वाढली तसे लोक आमच्या ओट्यावर येऊन बसले. म्हातारी माणसं भिंतीला टेकून, बाया एका कडेला, पोरं पायऱ्यांवर. कुणी म्हणालं, "पुरं नाव न्हाई दिलं, जुन्याला जोडून दिलं." दुसरा म्हणाला, "असू दे. दिलं ना." ज्यांची घरं गेली होती, माणसं गेली होती, त्यांची नावं एकेक करून निघाली. माय तिळगूळ घेऊन प्रत्येकापुढं गेली. तो शेतकरीही आला, "जयभीम" म्हणाला, वहाणा खाली काढल्या आणि लोकांनी सरकून केलेल्या जागेत बाबांच्या शेजारी बसला.

मी दारातून बघत होते. एवढी माणसं बसली होती तरी ओटा जरासुद्धा हलला नव्हता. बाबांनी मला हाक मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या शेतकऱ्याला सांगितलं, "ह्यो कोपरा माज्या लेकीनं बसवल्याला हाय."