मुक्या पट्ट्या

धुळ्याच्या नाट्यगृहात मी नानांना एकदाच ऐकलं. जन्मभर परदेशात पियानो वाजवून म्हातारपणी ते पहिल्यांदाच आपल्या गावी वाजवणार होते. सुरुवातीला संयोजकांनी भक्तिभावाने नारळ फोडला आणि त्याचं पाणी उघड्या पियानोवर शिंपडलं, तेव्हा त्यांनीही हात जोडले. मग ते तासभर वाजवत राहिले. शेवटी सगळे उभे राहिले, टाळ्या थांबता थांबेनात.

गर्दी ओसरल्यावर मी पाया पडायला गेलो. ते रुमालाने पट्ट्या पुसत होते. मधल्या तीन-चार त्यांनी एकेक करून दाबून दाखवल्या. आवाजच नव्हता.

"पाण्यानं? मग आधीच सांगायचं ना, नाना."

"आपलंच गाव शे, काय सांगू?" अहिराणीत बोलतानाही त्यांचं पुसणं चालूच होतं. "इतला सूर गयात, भाऊ. कोनलेच समजनं नही."