फोल्कमार सोबॉट्का वरच्या गटात जातो

माझा धाकटा भाऊ फोल्कमार फुटबॉल चांगला खेळायचा, हे मी बहीण म्हणून सांगत नाही. बहीण म्हणून सांगायचं तर तो हट्टी आहे आणि मोजे कुठेही टाकतो. पण बचावाला तो उभा राहिला की समोरच्याला दुसरी वाट शोधावी लागे. खाणीमागच्या, लाल राख आणि बारीक खडी दाबून केलेल्या मैदानावर तो शिकला. त्या राखेवर घसरलं की कातडी सोलून निघते आणि कण आत राहतात. त्याच्या गुडघ्यावर ते अजून निळसर दिसतात.

बाविसाव्या वर्षी शहरातल्या मोठ्या संघानं त्याला नेलं. सहा वर्षं तिथे खेळला. ज्या वर्षी तो संघ पहिल्या श्रेणीत चढला, त्याच वर्षी एप्रिलमध्ये ह्याचा गुडघा गेला. सोबती मैदानात एकमेकांच्या गळ्यात पडत होते आणि हा प्लॅस्टर घालून हॉस्पिटलात. रेडिओ मी त्याच्या कानाशी धरला होता. "बंद कर," एवढंच म्हणाला.

मग तो आमच्या गावच्या क्लबचा प्रशिक्षक झाला. दिवसा शाळेच्या इमारतीची देखभाल, संध्याकाळी पोरं. एकोणीस वर्षं. तीनदा दुसरा नंबर, चारदा तिसरा. एकदा तरी स्वतः मैदानात उभं राहून संघासोबत वरच्या गटात जायचं, एवढंच त्याला हवं होतं. बोलायचा नाही कधी. पण मी क्लबात बिअर ओतते. माणसं जे बोलत नाहीत तेही मला ऐकू येतं.

त्या हंगामाचा शेवटचा सामना पलीकडच्या गावाशी, आमच्याकडे. जिंकलो तर आम्ही वर. बरोबरी झाली तरी ते वर. आणि आमचे अध्यक्ष एवाल्ड यांनी सांगूनच ठेवलं होतं, ह्या वेळी हुकलं तर प्रशिक्षक बदलणार.

तरी मदत करायची म्हणून एवाल्डनी जी अक्कल चालवली, तिला तोड नाही. शनिवारी संध्याकाळी त्यांनी गवताच्या मैदानावर पाण्याचा फवारा सोडला, तो रविवारी सकाळी बंद केला. पंच आला, त्यानं बूट रोवला, तो चिखलातच राहिला. गवत बंद, सामना खाणीमागच्या राखेवर.

"आता बघा," एवाल्ड माझ्यापाशी येऊन म्हणाले. "राखेवर आपल्याला कोण हरवतो?"

"आपल्याला म्हणजे कोणाला? राखेवर खेळायचात ते तुमच्या वेळी तुम्ही," मी म्हटलं. "ही पोरं नऊ वर्षं गवतावर वाढलीत. आणि पलीकडच्या गावाचं गवत खोदून ठेवलंय, चार महिने ते राखेवरच सराव करतायत."

"हे मला कोणी सांगितलं नाही."

"त्या गावाचं नाव काढलं की तुम्ही उठून जाता. सांगायचं कधी?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. फोल्कमारनं ऐकलं, एवाल्डकडे एकदा पाहिलं आणि पोरांचे बूट बदलायला गेला. त्यानं आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं.

मध्यंतरापर्यंत आम्ही एक गोल खाल्ला होता. चहाची किटली घेऊन मी खोलीत गेले, तर पोरं माना खाली घालून बसलेली.

"चेंडू कुठेही उसळतोय, कोच," कप्तान टॉर्स्टन म्हणाला. "आणि पडलं की..."

"मग पडू नका," फोल्कमार म्हणाला. "आणि टप्पा पडायची वाट बघू नका. टप्पा पडला की चेंडू राखेचा. त्याआधी पुढे जाऊन घ्या, म्हणजे तो तुमचा. आजच्यापुरतं एवढंच."

"एवढंच?"

"चहा प्या."

उत्तरार्धात आमची पोरं दोन पावलं पुढे उभी राहिली. चेंडू हवेतच अडवू लागली. पलीकडच्यांना टप्प्याची सवय झालेली. ते थांबायचे तोवर चेंडू गेलेला असायचा. सत्तराव्या मिनिटाला बरोबरी झाली. शेवटची तीन मिनिटं उरली असताना कोपऱ्यातून चेंडू आला, त्यांचा बचावपटू टप्प्यासाठी थबकला, आणि टॉर्स्टननं पुढे घुसून डोकं लावलं. चेंडू जाळ्यात. माझ्या हातातला ग्लास कधी फुटला मला कळलं नाही.

शिट्टी वाजली तसं पोरांनी फोल्कमारला खांद्यावर घेतलं.

"खाली ठेवा रे, गुडघा मोडेल."

"मोडू दे, कोच. आता तुम्हाला कुठे खेळायचंय?"

बिअरसाठी लोक पैसे पुढे करून उभे होते. मी नळ बंद केला आणि पन्नाशी उलटलेली बाई धावते तशी धावले. फोल्कमारनं वरूनच माझा हात धरला.

"रोझविथा, ह्या वेळी मी इथे आहे."

"हो रे," मी म्हटलं, आणि सगळ्या गावादेखत रडले.