दम तुटलेली गाडी

काकूंनी स्टिअरिंग हातात धरलं तेव्हा त्यांच्या वयाची सत्तेचाळीस वर्षं उलटली होती, आणि धरलं ते काही हौसेनं नव्हे. काकांना काचबिंदू झाला. आधी कडेचं दिसेनासं झालं, मग नजर आवळत आवळत नळीतून बघावं तेवढंच जग समोर उरलं. एके दिवशी त्यांनी आपल्याच फाटकाचा खांब पाडला. खाली उतरून खांबाकडे बराच वेळ बघत राहिले आणि आत येऊन किल्ली ओट्यावर ठेवली.

"चालवायची तर तू चालव, नाहीतर विकून टाकू," म्हणाले, आणि तोंड धुवायला गेले.

विकली असती, तर पठारावरच्या दवाखान्याला ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवायला कोणी उरलं नसतं. नदीवरचा पूल पुरात गेल्यापासून पात्रातल्या गोट्यांवरूनच पलीकडे जायचं. साध्या गाडीचं पोट त्या गोट्यांवर टेकायचं. म्हणून डोळे धड होते तेव्हाच काकांनी आपला जुना डिझेल पिकअप मिस्त्रीकडून उंच करून घेतला होता. चासी, म्हणजे खालचा सांगाडा, आणि बॉडी यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे, स्प्रिंगांना जादा पानं, खाली ट्रॅक्टरला शोभावीत अशी चाकं. गाडी अशी काही दिसायला लागली, की लोक म्हणायचे, म्हातारी खडावा घालून निघाली.

काकांनी शिकवलं, काकू शिकल्या. शिकवताना दोघांत इतकी वादावादी झाली, की गाडी हाताशी आल्यावर काका परत तिच्यात बसले नाहीत. ते अंगणात खुर्ची टाकून बसत आणि नुसत्या आवाजावरून ताशेरे झोडत. "क्लचवर पाय ठेवून चालवतेस, इथपर्यंत ऐकू येतंय." काकू तशाच फाटकाबाहेर पडत. पठारावर त्यांना सगळे सिलिंडरवाली काकू म्हणून ओळखायचे, आणि त्यांना तेवढं पुरेसं होतं.

मग गाडीचा दम तुटायला लागला.

सपाटीवर काही कळायचं नाही. चढण लागली, गाडी तापली, की ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी ती पुढे सरायला मागायची नाही. मागे काळा धूर, पुढे गोगलगाईची चाल. मिस्त्रीनं डिझेलचा फिल्टर बदलला, नोझल काढून साफ केले. गाडी त्याच्या दारात शहाण्या मुलासारखी वागायची.

"काकू, एवढ्या मोठ्या चाकांवर जुनं इंजिन, दमणारच," तो म्हणाला. "पिकअपलाच पिकअप राहिला नाही, काय करणार."

काकू हसल्या नाहीत. गेल्या फेरीला वरच्या वळणावर गाडी जवळजवळ थांबली होती. घरी त्या याबद्दल बोलल्या नव्हत्या, कारण काका काय म्हणतील ते पाठ होतं. पण त्या सकाळी दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला. दगडखाणीतल्या एका कामगाराला रात्री आणलं होतं, छातीत धूळ भरलेली, श्वास घेता येत नव्हता. शेवटचा सिलिंडर जोडलेला होता.

काकूंनी फोन ठेवला तेव्हा काका दारात चपला घालून उभे होते.

"मी येतो," ते म्हणाले.

"कशाला?"

"कुठे दम सोडते ते ऐकायचंय. अंगणातून तेवढं ऐकू येत नाही."

काकूंच्या तोंडावर आलं होतं, की तुमच्या ऐकण्यानं गाडी चढणार आहे का. गिळलं. भांडायला वेळ नव्हता.

पात्र नीट पार पडलं. चाकं गोट्यांवरून डुलत डुलत गेली, मागे दोरखंडानं आवळलेले सिलिंडर एकमेकांना घासून किणकिणत होते. काका खिडकीवर हात ठेवून इंजिनाचा आवाज ऐकत होते.

चढण सुरू झाली. डावीकडे दरड, उजवीकडे कडा, आणि कड्याखाली नदी. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. तिसऱ्याला गाडी खोकली. काकूंनी गिअर खाली घेतला, पाय तळाला दाबला. आरशात काळा धूर उसळला. वेगाचा काटा उतरत गेला, इंजिन घुसमटल्यासारखं घरघरलं आणि बंद पडलं.

गाडी मागे सरकायला लागली.

इंजिन बंद पडलं, की ब्रेक दगडासारखा घट्ट होतो. काकू जवळजवळ उभ्याच राहिल्या त्याच्यावर, दोन्ही पायांनी. एका हातानं हँडब्रेक खेचला. गाडी थोडी घसरली, तिरकी झाली आणि थांबली. काकूंना स्पष्ट जाणवत होतं, की पाय काढला तर गाडी जाणार.

"पाय काढता येत नाही मला," त्या म्हणाल्या. "चाकाला दगड लावायला हवा."

काकांनी आपल्या बाजूचं दार उघडलं. त्यांची बाजू डावी, दरडीची. तेवढं नशीब.

"दरडीला हात लावून मागे जा. उजवीकडे येऊ नका, तिकडे काही नाही."

"माहीत आहे मला. हा रस्ता तुझ्याआधी मी चालवलाय."

काकूंना आरशात नुसती त्यांची पाठ दिसत होती. ते दरडीवर हात फिरवत एकेक पाऊल टाकत मागे गेले, वाकले आणि दिसेनासे झाले. काकूंनी हाक मारली नाही. हाक मारली आणि ते आवाजाच्या दिशेनं वळले तर, असं वाटून गेलं. मांडीत गोळे यायला लागले. मागून दगड घासल्याचा आवाज आला, मग आणखी एक.

"सोड हळूहळू."

काकूंनी पाय हलका केला. गाडी दगडांवर रेलली आणि राहिली. काकूंनी कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. तेवढ्यात फोन वाजला. सिस्टर विचारत होती, कुठवर आलात.

"येतोय," काकू म्हणाल्या. दुसरं काय सांगणार होत्या?

काका पुढे येऊन बॉनेटवर हात आपटत होते. "उघड. आणि गाडी चालू करून रेस दे. गरम आहे तोवर."

इंजिन मिनतवारीनं लागलं. काकांना आत काय आहे ते दिसत नव्हतंच, पण या इंजिनात हात घालण्यात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं होतं. पंख्यापासून लांब राहत ते बोटांनी एकेक वस्तू चाचपत गेले. हवेच्या फिल्टरच्या डब्यापासून इंजिनाकडे एक जाड रबरी पाइप येतो, तिथं त्यांचा हात थांबला.

"दे रेस. पूर्ण दे."

काकूंनी दिली. इंजिन चढलं, चढलं आणि पुन्हा घुसमटलं.

"ये इकडे. हात ठेव."

काकू उतरल्या. त्यांचा हात काकांनी पाइपवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं स्वतःच इंजिनावरचा रेसचा दांडा ओढला. पाइप हाताखाली आत गेला. केळीचं साल दाबावं तसा चपटा झाला. रेस सोडली, की पुन्हा गोल.

"नाक दाबलंय बिचारीचं," काका म्हणाले.

बाहेरून तो पाइप अगदी धडधाकट दिसत होता. काकांनी वाकवून बघितला, मग त्यांचा हात खालच्या ठोकळ्यांकडे गेला. बॉडी उचलली तेव्हा बॉडीला बसवलेला फिल्टरचा डबा तिच्याबरोबर वर गेला, इंजिन मात्र चासीवर जिथल्या तिथं राहिलं. पाइप तेव्हापासून ताणलेला होता, आणि आता त्याचं रबरही थकलं होतं. गार असताना तग धरायचा, तापला की मऊ पडून मिटायचा. मिस्त्रीच्या दारात गाडी एवढी तापतच नव्हती.

"उंच करायची कल्पना माझीच होती," काका म्हणाले.

"ते घरी जाऊन बोलू. आता काय करायचं?"

काकूंनी इंजिन बंद केलं. सामानाच्या पेटीत बांधायची जाड तार होती. काकांनी ती जॅकच्या दांड्यावर वेटोळ्यावेटोळ्यानं गुंडाळायला घेतली, आणि काकूंच्या लक्षात आलं, ते स्प्रिंग करतायत. ती पाइपच्या आत घातली तर पाइप मिटणार नाही.

"तारेचा तुकडा आत ओढला गेला तर?"

"तर इंजिन संपलं."

काकूंना बघायचं तर काकांना मान नेमकी त्यांच्याकडे वळवावी लागायची, आणि त्यांनी ती वळवली होती.

"टोकं मी वळवते," काकू म्हणाल्या. "मला दिसतं."

रस्त्यावर बसून त्यांनी पक्कडीनं दोन्ही टोकं मागे दुमडली, वेटोळ्यात अडकवली, ओढून पाहिली, परत आवळली. काका पाइपच्या टोकांचे क्लॅम्प सैल करून पाइप धरून बसले. गरम रबरात स्प्रिंग जाईना. काकूंनी ती पिळत पिळत घुसवली, बोटं पोळली, पण ती बसली. क्लॅम्प काकूंनी आवळले आणि काकांनी हातानं तपासले. त्यांनी एक पुन्हा सोडून आवळायला लावला, काकूंनी तोही आवळला.

चढणीवर गाडी मागे न जाऊ देता उचलायची, हे शेवटचं. काका म्हणाले, "मी खाली राहतो, दगड काढतो."

"नाही. बसा आत. दगड राहू देत तिथंच."

काकूंनी इंजिन चालू केलं, क्लच अर्ध्यावर आणला, रेस वाढवली आणि इंजिनाचा आवाज ऐकत राहिल्या. कुठे टकटक होतेय का, कुठे खरखर. काही नव्हतं. हँडब्रेक सोडला. मागची चाकं दगडांवर टेकली, मग सुटली. गाडी पुढे सरकली. आरशात धूर होता, पण काळा नव्हता.

उरलेल्या चढणीवर दोघं इंजिनाचाच आवाज ऐकत होते.

दवाखान्याच्या दारात सिस्टर आणि वॉर्डबॉय ढकलगाडी घेऊन उभे होते. त्यांनी सिलिंडर उचलले आणि धावले. काकू मागोमाग खोलीच्या दारापर्यंत गेल्या. खाटेवरचा माणूस बसूनच होता, खांदे वर ओढलेले, ओठ निळसर. सिस्टरनं नळी जोडली. बराच वेळ काहीच फरक दिसला नाही. मग त्याचे खांदे किंचित खाली आले. काकू बाहेर येऊन पायरीवर बसल्या. त्यांच्या बोटांना फोड आले होते, ते त्यांना आत्ता दिसले.

तो माणूस वाचला. पुढच्या फेरीला काकू वर गेल्या तेव्हा तो खिडकीपाशी बसलेला होता.

मिस्त्रीनं लांब, आतून तार असलेला पाइप बसवला आणि फिल्टरचा डबा खाली आणला. मान खाली घालून म्हणाला, "ठोकळे मीच घातले होते, मला सुचायला हवं होतं." काका म्हणाले, घाल म्हणून मीच सांगितलं होतं. मोठ्या चाकांमुळे गाडी थोडी जडच राहिली, पण चढणीवर आता थांबत नाही.

काका तेव्हापासून शेजारी बसतात. तिसऱ्या वळणाआधी गिअर कधी खाली घ्यायचा, यावर दर फेरीला वाद होतो. काका म्हणतात वळणाआधीच्या विजेच्या खांबापाशी, काकू म्हणतात त्याच्या पुढे. गाडी काकू चालवतात, त्यामुळे गिअर पुढेच पडतो.