कण्हेरीला घातलेलं कुंपण

निवृत्त झाल्यावर माणसाने बाग करावी, नाहीतर कुत्रा पाळावा. आमच्या अमरावतीच्या घरी बाग माझी आणि कुत्रा बायकोचा. घरात उपरं कोण, यावर आमचं आजवर एकमत झालेलं नाही.

पिल्लू तिने वलगावहून, बहिणीच्या शेतावरून आणलं. तांबूस, गावठी, एक कान उभा आणि दुसरा पडलेला. आल्या दिवशीच त्याने माझ्या जास्वंदीची तीन फुलं खाल्ली. मी बोंब ठोकली ती फुलांसाठी, बायको घाबरली ती पिल्लासाठी. लस टोचायला नेलं तेव्हा तिने डॉक्टरला पहिलं हेच विचारलं. डॉक्टर तरुण होता. जास्वंदीने फार तर पोट बिघडेल, घाबरू नका, म्हणाला, आणि बागेत आणखी काय आहे ते विचारलं. मी खुशीत यादी सांगू लागलो. मोगरा झाला, गुलाब झाला, पांढऱ्या कण्हेरीपाशी त्याचा पेन थांबला. कण्हेर मुळापासून फुलापर्यंत विष आहे, पिल्लाला चार पानंही भारी पडतील, काढून टाका, असं त्याने सरळ सांगितलं.

हे त्याला सांगायला काय जातं? अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं घर होतं. त्या अंगणातल्या कण्हेरीची फांदी आईने ओल्या गोणपाटात गुंडाळून, एसटीत मांडीवर धरून अमरावतीला आणली होती. पुढे ते घर विकलं गेलं, आईही गेली. फांदीचं माझ्या डोक्याच्या वर गेलेलं झाड तेवढं उरलं होतं. ते मी तोडणार नव्हतो.

बायकोला मी ज्ञान पाजलं. कण्हेर कडूजहर असते, बकरीसुद्धा तिला तोंड लावत नाही, म्हणून तर रस्त्याच्या दुभाजकावर लावतात. मुक्या जनावराला आपलं बरंवाईट कळतं.

"अजी, त्याले एवढं कळते त मंग तुमची चप्पल काहून खाल्ली त्यानं?"

दुसऱ्याच दिवशी मी कुंपण घातलं. झाडाभोवती कमरेइतकी जाळी, जाळीच्या पायथ्याशी बाभळीचे काटे. पडलेली पानं-फुलं रोज सकाळी स्वतः झाडून काढायचो. पिल्लू आलं, जाळी हुंगली, तिच्यावर आपला अभिप्राय नोंदवला आणि जास्वंदीकडे निघून गेलं. पुढे दोन महिने बायको रोज म्हणायची की तोडा, आणि मी रोज जाळीकडे बोट दाखवायचो. आपण जिंकलो असं मला वाटत होतं.

मग श्रावणातला सोमवार आला. मी एरवी पूजा उरकतो, पण श्रावणी सोमवारी आईसारखी साग्रसंगीत करतो. महादेवाला दूध, दही, तूप, मध, साखर, त्यावर बेल आणि कण्हेरीची अकरा फुलं. पूजा झाल्यावर ताम्हणातलं सगळं मी जास्वंदीच्या बुडाशी ओतलं. निर्माल्य पायदळी येत नाही आणि झाडाला खत मिळतं, या हुशारीचा मला अभिमान होता. तासाभराने बायकोची हाक आली. पिल्लू ओट्याखाली पडून ओकत होतं, आणि त्या ओकारीत पांढऱ्या पाकळ्या होत्या.

रिक्षात ते तिच्या मांडीवर होतं. उभा असायचा तो कानही पडला होता. बायको पदराने त्याचं तोंड पुसत होती. तिने मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टरने सलाईन लावलं, छातीला नळी लावून ठोके ऐकले, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा ऐकले. झाड तोडलं नाही, कुंपण घातलं, हे मी सांगितल्यावर ते मोडलं होतं का, असं त्याने मला विचारलं. मी म्हणालो, कुंपण शाबूत आहे, मीच वाढलं त्याला. गोड करून, तूप घालून वाढलं. कुंपणानेच शेत खाल्लं म्हणतात, ते कुंपण मी होतो.

संध्याकाळपर्यंत दवाखान्यातल्या बाकड्यावर बसून होतो आणि मला राहून राहून आई आठवत होती. कण्हेरीची फुलं वाहून झाली की ती आम्हा भावंडांना न्हाणीकडे पिटाळायची. "आंधी हात धू, मंग खाय परसाद." आम्हाला वाटायचं, हे तिचं सोवळं. कण्हेरीचं निर्माल्य ती वेगळ्या फडक्यात बांधून उंच खुंटीला टांगायची. तेही मला सोवळंच वाटायचं. तिची पूजा मी जशीच्या तशी उचलली. खुंटी आणि हात धुणं तेवढं अडाणीपणाचं समजून सोडून दिलं. तिथे बसल्या बसल्या मला माझीच लाज वाटली.

बरंचसं त्याने आपणच ओकून टाकलं, म्हणून वाचलं, असं डॉक्टर म्हणाला. वाचल्याची पहिली खूण म्हणून पिल्लाने सलाईनची नळी चावून पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी करवत काढली. बायको दारात येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता दोन महिन्यांचा हिशेब चुकता करणार. ती हळूच म्हणाली, "सासूबाईचं झाड हाय. राहू द्या वाटलं त. आपण लक्ष ठेवू." त्यावर मात्र माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आईनेच तोडलं असतं, एवढंच मी म्हणालो आणि करवत चालवली. फांद्या जाळायच्या नाहीत, धूरही वाईट, असं डॉक्टरने बजावलं होतं. पोत्यात भरून, तोंड शिवून, त्या घंटागाडीत दिल्या.

पिल्लाला बायकोने तोवर घरात कोंडलं होतं. मी आत येताच ते अशक्त पायांनी शेपूट हलवत आलं आणि मी त्याला उचलायला वाकलो.

"अजी," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "आंधी हात धुवा, मंग घ्या त्याले."

मी मुकाट्याने न्हाणीकडे गेलो.