आप्पांची पाण्यावरची फटफटी

लातूर वेगळा जिल्हा झाला त्याच वर्षीचा माझा जन्म. वडील नव्या कचेरीत शिपाई म्हणून लागले आणि पुढं त्यांनीच मला आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकला घातलं. वर्गात मी एकटीच मुलगी. नंतर रेणापूरच्या रस्त्याला मी पंपसेट दुरुस्तीचं दुकान टाकलं. पण दुष्काळात विहिरी आटल्या, पंप बंद पडले, मग दुरुस्तीला कोण आणणार? दुकान उघडायचं, झाडून घ्यायचं आणि बसायचं.

अशात एके दिवशी मोंढ्यातल्या एका धान्य व्यापाऱ्याचा टेम्पो दारात थांबला. त्यांना सगळे आप्पाच म्हणत. टेम्पोत जेट स्की होती, पाण्यावर पळणारी फटफटीच, गोव्याहून आणलेली, जुनी. गावाजवळच्या तलावावर बोटिंग सुरू करायचा त्यांचा बेत होता. पण मशीन आलं आणि तलाव आटला. तेव्हापासून ती गाळात एका अंगावर पडून होती.

"पोरी, आतून तेल गळायलंय. बघ जमतंय का."

असलं यंत्र मी टीव्हीतच पाहिलेलं. तरी मी 'हाव, बघते' म्हणाले.

आधी बूड साफ करायला घेतलं. वाळलेलं शेवाळ, गाळाचे पोपडे, बारीक शिंपले. मी पत्र्याचा तुकडा घेऊन खरवडायला लागले, तर आप्पांनी तलावावर राखणीला ठेवलेले, टेम्पोबरोबर आलेले म्हातारे भोई मामा ओरडले, "पत्रा लावू नको माय! फायबर हाय, चिरा पडतील. काथ्या घे."

आप्पा म्हणाले, "टँकर मागवू का धुवायला?"

"आप्पा, गल्लीतल्या बाया घागरीसाठी भांडायल्यात. टँकरच्या पाण्यानं हे धुतलं तर मला इथं राहू देतील का?"

मग मी घरचं कपडे धुतलेलं पाणी रोज घमेल्यात साठवलं आणि त्यातच काथ्या बुडवून मामा आणि मी आठवडाभर बूड घासलं.

इंजिनाखाली काळं, तेलकट पाणी साचलेलं. मागची दोन बूचं काढून ते बाहेर काढलं, चिंध्यांनी सगळं कोरडं केलं आणि गळती कुठं ते कळावं म्हणून इंजिनावर अंगाला लावायची पावडर भुरभुरली. हे इंजिन तलावाच्या पाण्यानंच थंड होतं, म्हणून कोरड्यात दहा सेकंदांपेक्षा जास्त चालवायचं नाही. चालू करायचं, बंद करायचं, थांबायचं. चौथ्या खेपेला तेलाच्या फिल्टरच्या बुडाशी पावडर ओली झाली. रबरी रिंग कडक झालेली, शेजारचा पाइपही चिरलेला. दोन्ही वस्तू नांदेडला ट्रॅक्टरच्या पार्टच्या दुकानात मापानं मिळाल्या; बसवल्यावर पावडर कोरडी राहिली.

त्या पावसाळ्यात तलाव भरला. बघायला निम्मं गाव आलं. आप्पा म्हणाले, "दुरुस्त केली तिनंच बसावं."

मला पोहता येत नव्हतं. मामांनी माझ्या अंगात जाकीट चढवलं आणि मशीनला लांब दोर बांधला. निघाले. चाळीस-पन्नास फुटांवर मागची बाजू जड व्हायला लागली. काठावरून मामा ओरडले, "बूचं! माय, मागची बूचं लावली का?"

बूचं दुकानातल्या पेटीत होती. मी इंजिन बंद केलं आणि दोन्ही हातांनी हँडल धरून बसले. मामांनी आणि चार माणसांनी दोर ओढून मला काठाला आणलं.

"चूक माझी हाय, आप्पा," मी सगळ्यांसमोर म्हणाले.

त्यांनी सीट उचलली, आत वाकून बघितलं, पाण्यात बोट बुडवून अंगठ्यावर चोळलं.

"पाण्यात तेल न्हाई," ते म्हणाले. "जा, बूचं घेऊन ये."

आतलं पाणी काढून, बूचं घट्ट बसवून, दुपारी मी तलावाला दोन फेऱ्या मारल्या. बोटिंग पुढं दोन हंगाम चाललं, मग आप्पांनी मशीन विकलं. मला मात्र त्याच वर्षी मामांनी पोहायला शिकवलं, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, पाठीला रिकामा डबा बांधून.