वायरीवरची जाळ्याची गाठ

मंडळी, चंद्रपुरात माझं गाड्यांमध्ये म्युझिक सिस्टीम बसवायचं दुकान आहे. आज तिथेच तोंड लपवावंसं वाटलं.

दुपारी पोंभुर्ण्याहून एक काकाजी जुनी जीप घेऊन आले. ॲक्सिलेटर दाबला की स्पीकरमधून शिट्टी वाजायची. पॅनल उघडताच मी सुरू झालो, "कोण्या अनाड्यानं केली ही वायरिंग? पत्र्याचा रंग न खरवडताच अर्थिंगचा स्क्रू मारला. अशायले दुकानच उघडू देऊ नये."

बाकीची गिऱ्हाइकं हसली, तसा मला आणखी जोर चढला. काकाजी नुसते "हव, हव" म्हणत राहिले.

मग आतली वायर ओढली. तिच्यावर दोऱ्याची गाठ होती, बाबांनी तलावाकाठी जाळं विणताना मला शिकवलेली. अशी वायर बांधणारा इथे दुसरा कुणी नाही.

मी हळूच विचारलं, "काकाजी, तुम्ही बोलले काऊन नाई?"

"चार लोकायसमोर तुले कसं बोलू, बाबू?"

अर्थिंग नीट केली, शिट्टी थांबली, काकाजी गेले. तरी त्या हसणाऱ्या गिऱ्हाइकांना खरं सांगायला माझी जीभ रेटली नाही.

म्हणून इथे लिहितोय. तुमच्यापैकी कुणी आज दुकानात होतं का? तो अनाडी मीच.